मधले दलाल

१२ एप्रिल २०२५. वार शनिवार आणि त्यात हनुमान जयंती. मारुतीची त्या दिवशी डबल ड्युटी होती. सूर्योदयाचा जन्मसोहळा आणि सुंठवडा मी झोपेत बुडवला आणि साडेअकराच्या पुढे कधीतरी मुलुंड पूर्वेतल्या आमच्या मारुतीकडे निघालो. "अहो, रुईचा हार, तेल आणि नारळ. नुसते हात जोडून येऊ नका," अशी घरून ताकीद होती. खिशात पाकीट नव्हतं. पाकीट बाळगणं मी कधीच सोडलंय. फोन असल्यावर पाकीट कशाला, असं मी दोन माणसांना ऐकवतोही.

देवळाबाहेरच्या फुलवालीने सगळं बांधून दिलं. एकशे चाळीस रुपये. मी ऐटीत फोन पुढे केला. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. शेजारच्या गृहस्थांचंही फिरत होतं. त्यांच्या मागच्या बाईंचंही. पाच मिनिटांत तिथे पंचवीस-तीस माणसं हात वर करून उभी. कोणी फोन आभाळाकडे धरलाय, कोणी चौथऱ्यावर चढलंय, कोणी फोन उलटा करून पाठीवर थोपटतोय. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सामुदायिक अर्घ्यदान चाललंय. आत शेंदूर लावून मारुतीराय ताटकळलेले आणि बाहेर आम्ही रेंजची करुणा भाकतोय. त्या दिवशी यूपीआय देशभर अडखळलं होतं, हे नंतर बातम्यांत कळलं. त्या क्षणी मात्र प्रत्येकाला वाटत होतं की ग्रह फक्त आपलेच फिरलेत.

"जावा आत, काका," फुलवाली म्हणाली. "देव काय पळून जातोय? पैसे उद्या द्या."

"मला ओळखता तुम्ही?"

"म्हणजे काय! दर शनिवारी येता की."

मी दर शनिवारी येत नाही. पण नारळ हातात असताना असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

गाभाऱ्यापाशी दक्षिणेच्या पेटीलाही स्कॅनर चिकटवलेला. गुरुजी समजूतदार स्वरात म्हणाले, "आज नुसता नमस्कार केलात तरी चालेल." त्या 'आज'चं वजन मला घरी पोहोचेपर्यंत जाणवत होतं.

परतताना फुलवालीच्या टोपलीकडे पुन्हा नजर गेली. बांबूला स्कॅनरची पाटी टांगलेली, आणि पाटीच्या वर, खिळ्याला, स्वामी समर्थांचा छोटा फोटो. त्याला हार घालून उदबत्ती लावलेली. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "हे बंद पडलं की त्यांनाच सांगायचं. दुसरं कोणाला सांगणार?"

तेव्हापासून मला एक खोड लागली. कोणावर विश्वास टाकायची वेळ आली की मी आधी त्याच्या डोक्यामागची भिंत बघतो. आणि भिंत कधी रिकामी नसते. घाटकोपरला माझे शेअरचे पैसे सांभाळणारे जे गृहस्थ आहेत, ते मला 'लाँग टर्म'मध्ये निर्धास्त राहायला सांगतात. त्यांच्या खुर्चीमागे श्रीनाथजी, बालाजी आणि महावीर असे तिघे आहेत, आणि सव्वानऊला बाजार उघडायच्या आत तिघांना उदबत्ती लागलेली असते. आयुर्विमावाल्या साहेबांच्या किल्लीला साईबाबा लटकलेले. अंधेरीत माझ्या कचेरीत दसऱ्याला कॉम्प्युटरना झेंडू वाहतात, आणि कधीही बंद पडणार नाही असं सांगून बसवलेल्या सर्व्हरला सगळ्यात मोठा हार असतो. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट दोनदा वाचले, चष्मा काढला आणि तर्जनी छताकडे करून म्हणाले, "शेवटी सगळं वरच्याच्या हातात." वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, पण मी समजलो. आपली इस्रो घ्या. उड्डाणाआधी शास्त्रज्ञ यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात. आकडेमोड त्यांची पक्की असते, तरी जातात.

आता मुंबईकराचा स्वभाव बघा. कापड घ्यायचं तर मंगळदास मार्केट. कांदे पोत्याने हवेत तर थेट वाशी. मधला दलाल चार पैसे खातो हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. घाऊक बाजाराचा पत्ता ज्याला ठाऊक नाही, त्याला आपण मुंबईकर म्हणत नाही. आणि हाच माणूस भरवसा मात्र किरकोळीत घेतो. बँकेवर टाकतो, ब्रोकरवर टाकतो, बिल्डरवर टाकतो. हे सगळे स्वतःचा माल जिथून उचलतात ते घाऊक दुकान आपल्याच घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, लाकडी पेटीत चोवीस तास उघडं असतं.

हे तत्त्वज्ञान माझं नाही. मूळ मालकीण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांचे यजमान, म्हणजे आजोबा, हे दुसऱ्या पंथाचे: मुदत ठेव संप्रदाय. दोघांचा संसार पन्नास वर्षांच्या पुढचा आणि वाद तितकाच जुना. "तुझा देव व्याज किती देतो गं?" हा आजोबांचा रोजचा चहा झाल्यावरचा प्रश्न. आजी उत्तर देत नसत. त्या देव्हाऱ्याखालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांमागे, नोटा ठेवत. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता पाचशे-हजाराच्या नोटा रद्द होणार असं जाहीर झालं आणि त्या खणातून पाचशेच्या बावीस नोटा बाहेर आल्या, तेव्हा आजोबा इतके हसले की पहिल्या मजल्यावर ऐकू गेलं. "बघ, तुझ्या देवालाही आधी कळलं नाही!" रांगेत मात्र आजोबांनाच उभं राहावं लागलं.

मग २०१९ चा सप्टेंबर आला. २३ तारखेला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, सगळे जिला पीएमसी म्हणत तिच्यावर, निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदारांना फोनवर कळलं की सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येतील. हजार! ठेवींवरचा विमाही तेव्हा लाखाचाच. तो पाच लाखांचा झाला पुढच्या फेब्रुवारीत. बँकेचं मुख्य कार्यालय आमच्या शेजारच्या भांडुपला आणि मुलुंडमध्ये खातेदार घरटी. माझं खातं तिथे नव्हतं. ही दूरदृष्टी नव्हे. शाखा रस्त्याच्या पलीकडे होती आणि मला रस्ता ओलांडायचा कंटाळा. एका मोठ्या गृहबांधणी कंपनीला खिरापतीसारखी वाटलेली कर्जं दडवून ठेवली होती, हे हळूहळू बाहेर आलं. त्या दिवसांत काही ठेवीदार जिवानिशी गेले, त्यांत मुलुंडचेही होते. तिथे विनोद थांबतो.

आजोबांची ठेव त्याच बँकेत. पितृपक्ष चालू होता आणि त्याच आठवड्यात त्यांच्या वडिलांची तिथी. गच्चीवर पान ठेवलं, तर कावळा शिवेना. अर्धा तास झाला. आजोबा उन्हात उभे, हातात पाण्याचा तांब्या. शेवटी कठड्यावरच्या कावळ्याला म्हणाले, "काय रे, तुझंही खातं तिथेच होतं का?"

कावळा शिवला. खाली आल्यावर आजींनी देव्हाऱ्याखालचा खण उघडला, सांगितलं काहीच नाही, आणि वाण्याची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. हजाराची मर्यादा पुढे दहा हजार, पंचवीस, चाळीस, पन्नास अशी वाढत गेली; जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण तो पहिला आठवडा खणाने काढला. आजोबांनी त्यानंतर व्याजाचा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. देव्हाऱ्याला नमस्कारही केला नाही हं. माणूस तत्त्वाचा.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे देव हमखास पावतो तर. छे! माझाच अनुभव सांगतो. प्रमोशनसाठी मी ओळीने पाच मंगळवार सिद्धिविनायकाला गेलो. पाचव्या मंगळवारी प्रमोशन जाहीर झालं, ते शेजारच्या टेबलाला. तो नास्तिक. पेढे मात्र त्याने सिद्धिविनायकासमोरच्या दुकानातून आणले, कारण ते चांगले मिळतात. मी देवावर रागावलो, चार दिवस गंध लावलं नाही. मग लक्षात आलं की त्याने मला कबूल काय केलं होतं? काहीच नाही. त्याने कधी माहितीपत्रक छापलं नाही. बारा टक्के म्हटलं नाही, 'अटी लागू' असं बारीक अक्षरात लिहिलं नाही. नारळ आपण घेऊन जातो, अर्धा तो परत देतो. इतका स्वच्छ व्यवहार मुंबईत दुसरीकडे दाखवा.

जाहीर वचनं देणारे दुसरेच असतात. अंधेरीचा गोखले पूल आठवतो? जुलै २०१८ मध्ये त्याचा भाग रुळांवर पडला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली. सगळे बघायला गेले. पाहतात तो शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा नवा पूल यांच्या उंचीत माणूसभर फरक! एवढी मोठी सोयरीक, आणि मुलामुलीची उंचीच कोणी विचारली नव्हती. आमच्याकडे असल्या गोष्टी कांदेपोह्यांच्या वेळीच निघतात. शेवटी जॅक लावून नवरीला वर उचललं आणि जुलैत मंगळसूत्र बांधलं. या सगळ्या काळात मी मुलुंड-घाटकोपर लोकलने आणि घाटकोपर-अंधेरी मेट्रोने कचेरीला जात होतो, आणि मेट्रोच्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक खांबाला मनात नमस्कार करत होतो. खांबाला नाही म्हणा. ज्याने तो अजून उभा ठेवलाय त्याला.

मेट्रो आली २०१४ ला. त्याआधी, २६ जुलै २००५ ला, हाच रस्ता मी पायी तुडवला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे एकाच शहरात एकीकडे जलप्रलय आणि दुसरीकडे भजीचा पाऊस. तो दिवस अनेक घरांत फोटोला हार घालून गेला, तेव्हा मी जपूनच सांगतो. मरोळहून चार वाजता निघालो. माझ्याकडे त्या काळचा भारी मोबाइल होता, तो संध्याकाळी मुका झाला. घड्याळात पाणी गेलं. छत्री साकीनाक्याला वारली. दिवे गेलेले, छातीपर्यंत गढूळ पाणी, आणि झाकणं उघडलेली गटारं नक्की कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. आम्ही अनोळखी दहा-बारा जण एकमेकांचे हात धरून साखळी करून चाललेलो. मी रामरक्षा सुरू केली. लहानपणी आजीने पाठ करून घेतली होती, पण अर्ध्यावर अडलो. मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडलो. असं सतरा-अठरा वेळा झालं असेल. इतकी अर्धवट रामरक्षा त्या रस्त्याने आधी कधी ऐकली नसावी.

साखळीच्या टोकाला एक माणूस काठी टेकत चालला होता. अंधारात चेहरा दिसेना, पण पाऊल कुठे चुकत नव्हतं. "डावीकडून... आता उजवीकडून... इथे खड्डा आहे, लांब पाय टाका." आम्ही टाकत होतो. असल्फ्याच्या चढाला लागलो, पाणी पोटरीवर आलं, एका दुकानात पेट्रोमॅक्स लावून बिस्किटं वाटत होते. त्या उजेडात आमचा पुढारी पहिल्यांदा नीट दिसला, आणि नुसता दिसला नाही, वासही आला. झकास प्यायलेला होता. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला एवढे खड्डे माहीत कसे?" तो म्हणाला, "रोज रात्री ह्याच वाटेने घरी जातो, साहेब. रोज ह्याच अवस्थेत. आज सगळ्यांना दिसेनासं झालंय, मला रोजच दिसत नाही."

घरी पहाटे पोहोचलो. सौ.ने विचारलं, "कोणी आणलं?" मी देवाने म्हणालो. बाकीचा तपशील तिला मी बऱ्याच वर्षांनी सांगितला.

अंधेरीत असतानाचा माझा आवडता देव म्हणजे आझाद नगरचा, अंधेरीचा राजा. १९६६ पासून बसतो. बाकी गणपती अनंत चतुर्दशीला निघून जातात, हा संकष्टीपर्यंत मुक्कामाला असतो. त्याची कथा अंधेरीकर अशी सांगतात: गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील, एक्सेल अशा कारखान्यांतले कामगार लालबाग सोडून इकडे राहायला आलेले. सत्तरच्या दशकात टाळेबंदी झाली. ती उठेना. पगार नाही, वाणी उधारी देईना, युनियनचे पुढारी आज-उद्या म्हणतायत, मालक काही म्हणतच नाहीत. तेव्हा त्यांनी गणपतीला सांगितलं, टाळेबंदी उठली तर तुला संकष्टीला पोचवू. टाळेबंदी उठली. आता बारकाईने बघा. कामगारांनी सोन्याचा मुकुट कबूल केला नाही. पगारच नव्हता तर मुकुट कुठून? त्यांनी त्याला फक्त आणखी चार दिवस राहायचा आग्रह केला. पाहुण्याला करतात तसा. पुढे मुकुट, सेट, रांगा, बंदोबस्त सगळं आलं. कारखान्यांच्या भोवती काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत मी एसीत बसून कपातीच्या यादीत आपलं नाव आहे का ते चोरून बघायचो. राजा मात्र अजून संकष्टीलाच निघतो.

आता मूळ विषयाकडे येतो, म्हणजे बिल्डरकडे. उपनगरात सध्या जागृत दैवत तेच. आमची इमारत तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, गच्ची गळते. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के संमती पुरते, त्यामुळे पुनर्विकासाला जोर आला. तीन बिल्डर प्रेझेंटेशन देऊन गेले. पहिल्याने समोसे दिले, दुसऱ्याने समोसे आणि ढोकळा, तिसऱ्याने बॉक्समध्ये बदाम ठेवले. तिसरा निवडला. चित्रात तेवीस मजले, पोहण्याचा तलाव, त्याच्या काठाला आमच्यापैकी कोणासारखीच न दिसणारी माणसं, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन बाय दोनचं 'पूजा युनिट'. बोरिवलीची मेहुणी हे ऐकून फक्त "अरे वा" म्हणाली. तिची इमारत पाडून सहा वर्षं झाली आहेत.

करारात सगळं होतं: भाडं, कॉर्पस, दलाली, सामान हलवायचा खर्च. सही करायच्या सभेत आजी उठल्या. "आणि औदुंबराखालचे दत्त कुठे जाणार?"

कंपाउंडमध्ये औदुंबर आहे, त्याखाली हातभर उंचीची दत्तमूर्ती. गुरुवारी आरती असते. सेक्रेटरींनी करार मागे-पुढे चाळला. "दत्तांचा उल्लेख नाही. तांत्रिकदृष्ट्या ते सभासद नाहीत. त्यांच्या नावावर शेअर सर्टिफिकेट नाही."

आजोबा, ज्यांनी जन्मात दत्ताला हात जोडले नव्हते, ते ताडकन उठले. "त्यांच्या नावावर मेंटेनन्सची थकबाकीही नाही. या इमारतीत असा दुसरा कोण आहे, हात वर करा."

कोणी हात वर केला नाही. सेक्रेटरींनी तर खाली घेतला. ठराव झाला की दत्त आजींबरोबर भाड्याच्या घरात जातील.

ते घर गव्हाणपाड्यात, तळमजल्यावर. जागा एवढीशी की दत्त वॉशिंग मशीनवर बसवले आहेत. मशीन पिळायला लागलं की तिन्ही मुखं थरथरतात, म्हणून गुरुवारी कपडे धुवायचे नाहीत असा घरात नियम झाला. इकडे आमची इमारत रिकामी झाली, पत्रे लागले, आणि काम तिथेच अडलं. औदुंबर हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळेना. दोन महिने भाडं आलं, तिसऱ्या महिन्यात चेक थांबला. एरवी आरतीला पाच-सहा डोकी असायची. त्या गुरुवारी चोवीसच्या चोवीस बिऱ्हाडं हजर. बाहेर चपलांचा ढीग. आरती कोणालाच पूर्ण येत नव्हती, पण आवाज असा की समोरच्या बिल्डिंगचे दिवे लागले.

कर्पूरारती सुरू होती, तेवढ्यात मागून माझ्या खांद्याला कोणाचा तरी धक्का लागला. वळून पाहतो तर बिल्डर शेठ. अनवाणी, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, डोक्याला रुमाल. माणसं बाजूला झाली. शेठने वॉशिंग मशीनला गुडघे टेकून नमस्कार केला, बराच वेळ पुटपुटला. मी अगदी शेजारीच होतो, त्यामुळे ऐकू आलं. तो झाडाची परवानगी मागत होता. ज्यांचं झाड हलवायचं त्यांच्याकडेच. दत्तांची पंचाईत मला त्यांच्या तिन्ही चेहऱ्यांवर दिसली.

आजींनी त्याच्या हातावर तीर्थ दिलं. मग सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं, "भाडं किती तारखेला?"

"दहा तारखेला, आजी. पक्का."

"मला नको सांगूस बाबा. तिकडे बघून सांग."

शेठने मूर्तीकडे पाहिलं. कुठल्या मुखाकडे बघून बोलायचं ते त्याला ठरवता येईना. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मधल्याकडे पाहून मान खाली घातली.

"पंधरा," तो म्हणाला.

आतल्या खोलीत आजोबांनी पेन घेतलं आणि कालनिर्णयवर वीस तारखेला गोल केला.